उतार आधी, बाथरूम मग

"घर एवढंसं, त्यात आणखी एक बाथरूम बसेल का?"

नाशकात हा प्रश्न तीन तऱ्हेच्या घरांतून येतो. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत वाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे लोक तो विचारतात, कारण त्यांचा संडास अजून चौकाच्या पलीकडे आहे. सिडकोच्या बैठ्या घरांत तो मुलाचे लग्न ठरले की निघतो. आणि वर एक मजला चढवलेल्या घरात तो आईच्या गुडघ्यांमुळे निघतो. रात्री-अपरात्री जिना उतरणे तिला आता झेपत नाही.

तिन्ही घरांत सुरुवात सारखीच होते. कुणीतरी मेजरिंग टेप काढतो आणि रिकामा कोपरा शोधू लागतो. कोपरा सापडतोही, कारण चार फूट बाय पाच फूट जागा कोणत्याही घरात कपाट हलवले की निघते. मग प्लंबर येतो, कोपरा बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "इथून लाईन निघणार नाही." जागा असते, पाण्याला वाट नसते. म्हणून या प्रकरणात आपण उलटीकडून जाऊ. आधी घराबाहेर, मग घरात.

१. चेंबरचे झाकण उघडा

घरातले सांडपाणी पंपाने जात नाही, उताराने जाते. ते जिथे गोळा होते आणि पुढे रस्त्याखालच्या मोठ्या गटाराकडे वळते ती विटांची किंवा तयार सिमेंटची छोटी हौदी म्हणजे चेंबर. तुमच्या नव्या बाथरूमचे नशीब या चेंबरच्या तळाशी लिहिलेले असते.

संडासाच्या पाईपचा व्यास सामान्यतः ११० मिलिमीटर असतो, आंघोळीच्या आणि बेसिनच्या पाण्याला ७५ मिलिमीटरचा पुरतो. ११० च्या पाईपला नेहमी दिला जाणारा उतार ४० ला १ असा आहे: ४० इंच पुढे गेल्यावर पाईप १ इंच खाली उतरला पाहिजे. १० फुटांना ३ इंच, २० फुटांना ६ इंच. याहून सपाट ठेवला की मैला मध्येच बसतो आणि सहा महिन्यांत काठी घालणाऱ्याला बोलवावे लागते.

आता मोजायचे काय, तर घरातली फरशी आणि चेंबरमधल्या पाईपचा तळ यांत किती इंचांचा फरक आहे ते. यासाठी गवंड्याकडे लेव्हल ट्यूब असते. ही पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी, दहा-पंधरा मीटर लांब. गवंडी तीत पाणी भरतो, दोन्ही टोके जवळ धरून पाणी एका रेषेत येते का पाहतो, आणि मग नळी हातातून सरकवत सगळी लांबी डोळ्यांखालून घालतो. कुठे बुडबुडा अडकला असेल तर तिथे टिचकी मारतो, कारण एका बुडबुड्याने लेव्हल अर्धा-पाऊण इंच चुकू शकते. मग एक टोक बिगाऱ्याच्या हातात देऊन त्याला नियोजित कोपऱ्यात उभे करतो, दुसरे टोक स्वतः चेंबरपाशी भिंतीला लावतो. "सोड अंगठा." दोन्हीकडचे पाणी हलून हलून स्थिर होते. दोन्ही ठिकाणी पेन्सिलची खूण. या खुणा एका पातळीत असतात, मग भिंती मध्ये कितीही असोत. आतल्या खुणेपासून फरशी किती खाली आणि बाहेरच्या खुणेपासून पाईपचा तळ किती खाली, या दोन मापांची वजाबाकी म्हणजे तुमच्या हाती असलेला एकूण उतार.

एक उदाहरण करून पाहू. समजा वजाबाकी १८ इंच आली आणि कोपऱ्यापासून चेंबर २० फुटांवर आहे. वाटेतल्या उतारात ६ इंच गेले. म्हणजे कोपऱ्यात पाईपचा तळ फरशीखाली १२ इंचांवर येईल. या १२ इंचांत काय बसते? भारतीय बैठकीचे भांडे त्याच्या ट्रॅपसकट, म्हणजे पाणी धरून वास अडवणाऱ्या वाकड्या नळीसकट, साधारण दीड फूट खोली मागते. ते बसणार नाही. बसवायचेच तर संडासाची जमीन सहा-सात इंच वर उचलून चौथरा करावा लागेल. कमोडचे तसे नाही. पी ट्रॅपच्या कमोडचे मागचे तोंड फरशीच्या वर साधारण ७ इंचांवर असते आणि पाईप भिंतीतून आडवा बाहेर काढता येतो. फरशीखाली फक्त आंघोळीच्या पाण्याचा नहाणी ट्रॅप बसवायचा, त्याला १२ इंच पुष्कळ झाले.

आता हाच कोपरा चेंबरपासून ४० फुटांवर असता तर? उतारात १२ इंच गेले असते, हाती ६ इंच राहिले असते, आणि नहाणी ट्रॅपसुद्धा ओढूनताणून बसला असता. घर तेच, बाथरूम तेच, फक्त कोपरा बदलला. माझे मत विचाराल तर छोट्या घरात चेंबरजवळची गैरसोयीची जागा ही चेंबरपासून लांबच्या सोयीच्या जागेपेक्षा दरवेळी चांगली.

पाईपला वळण द्यावे लागले तर काटकोनी बेंड टाळून ४५ अंशांचे दोन घालावेत, आणि वळणापाशी सफाईचे झाकण ठेवावे. ते झाकण टाइलमागे गाडू नये. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

२. चेंबर कुणाचे?

झाकण उघडलेच आहे तर आणखी एक गोष्ट तपासा. बादलीभर पाण्यात हळद किंवा गुलाल कालवून जुन्या मोरीत ओता आणि रंग कोणत्या चेंबरमध्ये उतरतो ते पाहा. बऱ्याच जुन्या घरांची मोरी मलवाहिनीऐवजी पावसाळी गटाराला जोडलेली निघते. नाशकात या गटारांची वाट नासर्डी, वाघाडी अशा नाल्यांवरून थेट गोदावरीत जाते. मैलापाणी तपोवन, आगरटाकळीच्या शुद्धीकरण केंद्रांकडे जायला हवे, ते रामकुंडाच्या आसपास नदीत उतरते ते अशाच जोडण्यांमुळे. गोदावरीच्या प्रदूषणाची याचिका २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिच्या मुळाशीही हेच नाल्यांतून नदीत येणारे सांडपाणी होते. तेव्हा नवी जोडणी करताना "जवळ पडते" म्हणून पावसाळी गटार पकडू नका.

नदीकाठच्या सखल भागात आणखी एक अडचण असते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ या पुरांत पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेले आणि सराफ बाजाराच्या बाजूला घुसले. अशा वेळी गटारे तुंबून पाणी उलटे फिरते आणि तळमजल्याच्या नहाणीतून घरात वर येते. काठाजवळ घर असेल तर चेंबरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवून घ्यावी.

मखमलाबाद, आडगावकडच्या मळ्यांतल्या घराजवळ मलवाहिनी नसेल तर दोन शोषखड्ड्यांचा संडास हा उपाय आहे. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. पहिल्यातला मैला तोवर कुजून त्याचे खत होते. मात्र नाशिकच्या काळ्या मातीत पाणी हळू मुरते. खड्डा मुरुमापर्यंत गेला पाहिजे, आणि विहीर जवळ असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय खणू नये.

३. रांगेचे गणित

वाट सापडली. आता एक निर्णय: संडास आणि न्हाणी एकत्र करायची की वेगवेगळी?

हल्ली सर्रास एकत्र करतात. फ्लॅटमध्ये तसे असते म्हणून. पण गणित करून पाहा. घरात पाच माणसे आहेत, प्रत्येकाला संडासाला ८ मिनिटे आणि आंघोळीला १० मिनिटे लागतात असे धरू. दोन्ही एकाच खोलीत असतील तर प्रत्येक माणूस ती १८ मिनिटे अडवतो. पाचांना ९० मिनिटे, म्हणजे दीड तास. दोन वेगळ्या खोल्या असतील तर पहिला आंघोळीला गेला की दुसरा संडासात जातो. आंघोळ जास्त वेळ घेते, म्हणून रांग तिच्या वेगाने सरकते: सुरुवातीची ८ आणि पुढे पाच आंघोळींची ५०, एकूण ५८ मिनिटे. अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाचला, तोही एक भिंत आणि एक दार वाढवून.

जागा किती जास्त लागते? राष्ट्रीय इमारत संहितेने दिलेली किमान मापे अशी: नुसती न्हाणी १.८ चौरस मीटर, नुसता संडास १.१ चौरस मीटर, दोन्ही एकत्र असतील तर २.८ चौरस मीटर. वेगवेगळ्यांची बेरीज २.९. फरक ०.१ चौरस मीटरचा, म्हणजे एका चौरस फुटाच्या आसपास! मधल्या भिंतीची जाडी धरली तरी फार फरक पडत नाही. ज्या घरात सकाळी सातच्या आत तिघांना बाहेर पडायचे असते, सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला, शाळेला, क्लासला, तिथे मी बेधडक वेगळे करा असे सांगेन. एकत्र खोली फायद्याची ठरते ती म्हाताऱ्या माणसांना, कारण त्यांना आधार देणाऱ्यालाही आत उभे राहायला जागा मिळते.

४. किती लहान चालेल?

वरचा २.८ चौरस मीटरचा आकडा म्हणजे ३० चौरस फूट, समजा ४ फूट बाय साडेसात फूट. छोट्या घराला तेही जड जाते. अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी याहून आखूड मापे मान्य आहेत: एकत्र संडास-न्हाणीला १.८ चौरस मीटर, रुंदी किमान १ मीटर. म्हणजे सव्वातीन-साडेतीन फूट बाय सहा फूट. याखाली जाऊ नका. गेलात तर कोपर भिंतीला घासते आणि साबण उचलायला वाकले की डोके बेसिनला लागते.

या अरुंद पट्टीत क्रम महत्त्वाचा. दाराजवळ कोपऱ्यातले छोटे बेसिन, मग कमोड, आणि सगळ्यात आत आंघोळीची जागा. ओले शेवटी, कोरडे दाराशी. असे केले की कुणी नुकतीच आंघोळ केली असली तरी दुसऱ्याला चप्पल न भिजवता कमोडपर्यंत जाता येते. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंच, समोर गुडघ्यांसाठी किमान पावणेदोन फूट. नहाणी ट्रॅप आंघोळीच्या कोपऱ्यात, आणि सगळ्या फरशीचा उतार त्याच्याकडे.

दार आत उघडणारे ठेवू नका. आत उघडणारे दार या मापात खोलीची एक तृतीयांश जमीन खाते. त्याहून वाईट म्हणजे आत कुणी घसरून पडले तर त्याचेच अंग दाराला अडते आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. बाहेर उघडणारे किंवा सरकते दार घ्या, अडीच फूट रुंदीचे. उंबरा इंचभर पुरे.

एक भिंत तरी मोकळ्या हवेला लागून असावी. नसेल तर एक्झॉस्ट फॅन आणि त्याचा पाईप थेट घराबाहेर. शेजारच्या खोलीत हवा सोडणारा फॅन मी पाहिला आहे. फॅन चालू केला की वास स्वयंपाकघरात.

५. कोपरे, एकेक करून

मोरी. जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला भांडी घासायची, आंघोळीची मोरी असते. पाणी येण्याची आणि जाण्याची वाट तिथे आधीच आहे, म्हणून ती पहिली पसंती. भांडी ओट्यावरच्या सिंककडे गेली की मोरी मोकळी होते. भिंत चढवा, बाहेरच्या बाजूला खिडकी काढा, झाली न्हाणी. संडास मात्र चुलीला चिकटून नको असे घरातल्या थोरांना वाटते, आणि त्यांचे मन मोडण्यापेक्षा संडास परसदारी काढणे सोपे पडते.

जिन्याखाली. हा कोपरा सगळ्यांना मोहात पाडतो. न्हाणीघराची उंची किमान २.१ मीटर, म्हणजे ७ फूट हवी. जिन्याची पायरी ७ इंच उंच धरली तर दहा पायऱ्यांनंतरचा चौथरा ७० इंचांवर येतो, ५ फूट १० इंच, आणि त्यातून स्लॅबची जाडी वजा. म्हणजे तिथे मोठा माणूस ताठ उभा राहत नाही. पण बसतो. म्हणून कमोड ठेंगण्या बाजूला आणि उभे राहायची जागा उंच बाजूला, असे जमत असेल तरच जिन्याखाली जा. आंघोळीची जागा तिथे कोंबू नका.

परसदार. बैठ्या घराला मागे चार-पाच फूट मोकळी पट्टी असते. जमिनीवर उभे राहते म्हणून वजनाची चिंता नाही, चेंबरही बहुधा मागेच. पण ती पट्टी नियमाने मोकळी सोडलेली असते, तिच्याबद्दल शेवटी.

गॅलरी. नको. गॅलरी भिंतीतून पुढे काढलेल्या स्लॅबवर लोंबती असते. तिने कपडे वाळत घालणारी माणसे सांभाळायची असतात, विटांच्या भिंती नाहीत.

वाड्याची माडी. हिच्यासाठी वेगळा भाग लागेल.

६. वजन

वरच्या मजल्यावर बाथरूम काढताना लोक पाण्याच्या वजनाला घाबरतात. खरा बोजा पाण्याचा नसतो.

४ बाय ५ फुटांची न्हाणी घेऊ: २० चौरस फूट, १.८६ चौरस मीटर. पाईप लपवण्यासाठी जमीन एक फूट उचलून खाली विटांचे तुकडे आणि सिमेंट भरायची पद्धत आहे. २० घनफूट भरणी म्हणजे जवळजवळ १ टन. दोन बाजूंना ४ इंची विटांची नवी भिंत, ७ फूट उंच: एकूण ६३ चौरस फूट, प्लास्टर धरून सुमारे १४०० किलो. झाले २४०० किलो. राहत्या खोलीचा स्लॅब बांधताना माणसे आणि सामानासाठी धरतात तो भार चौरस मीटरला २०० किलो. आपल्या तुकड्याच्या वाट्याला त्यातले ३७० किलो येतात. आपण त्याच्या सहापट लादायला निघालो आहोत, आणि अजून बादली भरलेलीही नाही.

उपाय आहेत. वीट सोडून ४ इंची सिपोरेक्स, म्हणजे हलक्या काँक्रीटचे ठोकळे, वापरले तर त्याच भिंती प्लास्टरसह सहाशे-साडेसहाशे किलोंवर येतात. लोखंडी चौकटीवर सिमेंट बोर्ड लावले तर त्याहूनही कमी. पी ट्रॅपचा कमोड घेऊन पाईप भिंतीबाहेरून उतरवला तर फूटभर भरणीची गरजच राहत नाही. नहाणी ट्रॅपपुरती चार-पाच इंच जमीन उचलली की भागते. तरीही भिंत तुळईच्या वर येते आहे की स्लॅबच्या मध्यावर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवावे. त्याची फी एका चांगल्या कमोडपेक्षा सहसा जास्त नसते.

वाड्यात हे सगळे गणित बाद होते. तिथे माडीची जमीन म्हणजे लाकडी तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर मातीचा थर. लाकडाला वजनापेक्षा ओल मारते. तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे ओल धरली की लाकूड आतून कुजते, वाळवी लागते, आणि बाहेरून रंग दिलेला असल्याने काही दिसत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत पडल्याची बातमी येतेच. वाड्यात बाथरूम काढायचे तर तळमजल्यावर. वर हवेच असेल तर चौकात किंवा मागे जमिनीतून उभ्या केलेल्या स्वतंत्र लोखंडी वा काँक्रीटच्या खांबांवर, वाड्याच्या लाकडाला न टेकता. आणि शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत खाच पाडून नळ घालू नये. पाईप बाहेरून दिसू द्या. दिसणारा पाईप गळला तर त्याच दिवशी कळते.

७. वास का येतो?

नव्या बाथरूमची पहिली तक्रार वासाची असते आणि दोष फिनाइलला दिला जातो. वास थांबवणारी गोष्ट म्हणजे पाणी. सिंकखालची नळी वाकडी असते, त्या वाकणात नेहमी थोडे पाणी साठून राहते. गटारातली हवा त्या पाण्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. याला सील म्हणतात आणि ते साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे २ इंच खोल हवे. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. आजच्या कमोडमागचे तत्त्व अजून तेच आहे.

सील दोन कारणांनी मोडते. एक, पाणी सुकते. पाहुण्यांसाठी केलेली न्हाणी महिनाभर बंद राहिली, तीही एप्रिलमध्ये, की नहाणीतले पाणी उडून जाते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतणे एवढाच उपाय. दोन, पाणी ओढले जाते. फ्लशचा लोंढा पाईपमधून जोरात खाली जातो तेव्हा मागे पोकळी होते आणि ती जवळच्या ट्रॅपमधले पाणी खेचते. "गुडगुड" असा आवाज येतो तो हाच. यासाठी मैल्याच्या उभ्या पाईपचे टोक छपराच्या वर मोकळे ठेवतात, त्यावर जाळीची टोपी घालतात. खर्च वाचवायला हा पाईप कमोडपाशीच संपवला की वास कायमचा मुक्कामाला येतो.

८. ओल

बाथरूमची जमीन परातीसारखी झाली पाहिजे: तळ आणि कड एकसंध, पाणी बाहेर जाईल ते फक्त ठरवलेल्या भोकातून. टाइल पाणी अडवत नाही. दोन टाइलींमधल्या सांध्यातून ते झिरपतेच. अडवायचे काम टाइलखालच्या थराचे असते.

क्रम असा. पाईप बसले की त्यांच्याभोवतीच्या भेगा न आकुंचणाऱ्या ग्राउटने भरायच्या. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याचा गोल वाटा काढायचा, कारण काटकोनात लेप तडकतो. मग सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळलेला वॉटरप्रूफिंगचा लेप, एकावर एक आडवा-उभा असे दोन हात, जमिनीवर आणि भिंतींवर फूटभर वर. आंघोळीच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. लेप वाळला की नहाणीचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायचे, निदान ४८ तास. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. खालच्या खोलीत जाऊन छत पाहा.

या परीक्षेला कंत्राटदार हमखास कुरकुरतो. "साहेब, आपलं काम आहे, काही होत नाही." टाइलवाला उद्या येणार असतो, त्याचा रोज वाया जाईल. जाऊ द्या. टाइल बसल्यावर गळती शोधणे म्हणजे सगळे पुन्हा उकरणे. फ्लॅट असेल तर आणखी एक कारण आहे: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची बाहेरून येणारी गळती संस्था दुरुस्त करते, पण तुमच्या न्हाणीतून खालच्याकडे उतरलेल्या ओलीचा खर्च तुमचा.

९. गरम पाणी

नाशिकची थंडी दहा अंशांखाली उतरते, त्यामुळे गीझर लागणारच. छोट्या बाथरूममध्ये गॅस गीझर आत लावू नका. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो दार उघडायच्या आत पडतो. खोली जितकी लहान तितका हा वायू लवकर साठतो. गॅस गीझर लावायचाच तर बाहेर उघड्यावर, आत फक्त गरम पाण्याचा नळ.

विजेचा २ किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, नीट अर्थिंग आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. वीज माणसाच्या अंगातून गळू लागली तर आरसीसीबी क्षणात पुरवठा तोडतो. बटण बाथरूमच्या बाहेर.

१०. कागद

घराच्या आतल्या आत मोरीची न्हाणी करणे आणि मागची मोकळी पट्टी बांधून काढणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामाला महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी लागते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नाशिकलाही लागू आहे. तुमच्या भूखंडाला किती जागा मोकळी सोडायची हे नोंदणीकृत आर्किटेक्ट तीतून पाहून सांगतो. शेजाऱ्यांनी बांधले आहे हे कारण कुठल्याही कार्यालयात चालत नाही.

वाड्यातल्या भाडेकरूंनी आणखी सांभाळावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केले तर जागा रिकामी करून मागायला त्याला ते कारण मिळते. तोंडी "करून घ्या की" यावर विसंबू नका. एका कागदावर काम काय, कुठे, कुणाच्या खर्चाने एवढे लिहून मालकाची सही घ्या.

आणि एक काम गवंडी, प्लंबर कुणीच करून देणार नाही, ते तुमचे. पाईप बसून झाले आणि टाइल लागायच्या आधीच्या संध्याकाळी चारही भिंतींचे आणि जमिनीचे फोटो काढा, प्रत्येक पाईपशेजारी टेप धरून, म्हणजे कोपऱ्यापासूनचे अंतर वाचता येईल. छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा. पुढे कधी आरशासाठी भोक पाडायचे झाले, तर ड्रिल कुठे चालवायचे नाही ते त्या फोटोंवरून कळेल.